वांगाची शालू

फाईल सापडली ती लोखंडी ट्रंकेत, कारखान्याच्या ऊसनोंदीच्या पावतीखाली. पिवळ्या रंगाची, वर सांगलीत विश्रामबागच्या कुठल्याशा त्वचेच्या दवाखान्याचं नाव आणि आत शालूबाईंचं. आप्पासोंनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. चौदा हजार फुटांवर बर्फात चौकी सांभाळलेला हा हवालदार माणूस, पण बायकोच्या नावाखाली 'ॲसिड', 'जळजळ', 'संसर्गाची शक्यता' आणि शेवटी 'हे सर्व मला समजावून सांगितले असून माझी संमती आहे' असं ओळीनं वाचल्यावर त्यांना ट्रंकेवरच बसावं लागलं. संमतीवर सह्या कधी घेतात हे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाच्या ऑपरेशनाला त्यांनीच सही केली होती, आणि भाऊ काही घरी आला नव्हता.

बायकोला विचारायचा धीर होईना. त्यांनी गोठ्यामागं जाऊन साताऱ्याला लेकीला फोन लावला.

"क्रांते, तू ये. तुझ्या आईला कायतरी झालंय. ती लपवतीया."

रविवारी सकाळी नऊच्या आत क्रांती आष्ट्याच्या घरात हजर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, एरवी फार विचार करून बोलणारी ही बाई, पण पर्स दारातच टाकून ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी थापणाऱ्या आईच्या गळ्यात पडली. शालूबाईंचे दोन्ही हात पिठाचे. त्यांनी ते लांब धरले आणि लेकीच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं.

"आगं, झालं काय? जावई कुठं हायत? भांडलासा व्हय?"

"माझं सोड. तू कधी सांगणार होतीस?"

"काय सांगायचं?"

आप्पासो मागून आले आणि त्यांनी फाईल ओट्यावर ठेवली. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती उलटली सूनबाई राणीनं, आणि उलटता उलटता फाईल बघून तिनं जीभ चावली.

"अगं बाई! मामा, ही तुम्हाला कुठं मिळाली? आजारबिजार काही नाही हो. आईंच्या गालावरच्या वांगाची आहे ती. पील करायचंय. उद्या अकराची वेळ आहे."

"पील म्हंजी?"

"वरवरची कातडी औषधानं हलकेच सोलून काढतात. डाग फिके पडतात."

आप्पासोंनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा फाईलकडं. मग त्यांनी पाटावर बसकण मारली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडतायत की हसतायत हे कुणालाच कळेना. बहुतेक दोन्ही चाललं होतं.

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझा," ते म्हणाले. "आन् हिला डाग काढायचा हाय."

हायसं वाटलं की माणसाला राग यायला मोकळीक मिळते. क्रांतीचं तसंच झालं. साताऱ्यापासून इथवर ती आईची शेवटची वर्षं कशी काढायची याचा विचार करत आली होती. आता चहाचा कप हातात आला आणि तिच्या आवाजाला धार आली.

"आई, या वयात तुला गोरं व्हायचंय? मी वर्गात पोरींना सांगत असते, फेअरनेसच्या नादाला लागू नका. आणि माझीच आई चोरून क्लिनिकला जाते!"

"गोरं नाही हो ताई," राणी म्हणाली. "फक्त वांग. दीड महिना रोज रात्री क्रीम लावलंय त्यांनी, दिवसा सनस्क्रीन. डॉक्टरांनी आधी कातडी तयार करून घेतली, मगच तारीख दिली."

"आन् डोळं तपासायला जातो म्हनून दोघी सांगलीला जात हुता, ते ह्येच्यासाठी?" आप्पासोंना आता एकेक आठवत होतं. "मला सांगायचं न्हाई व्हय? मी काय न्हाई म्हनलो असतो?"

"म्हनला असता," शालूबाई म्हणाल्या.

"व्हय, म्हनलो असतो! कारन गरज काय? आगं, मला कवा त्यो डाग दिसलासुदिक न्हाई."

"बघितला असता तर दिसला असता."

शालूबाई हे काही चिडून म्हणाल्या नाहीत. पिठाची परात आवरता आवरता म्हणाल्या. आप्पासोंना चोवीस वर्षांच्या नोकरीत वर्षाला दोन महिने रजा. त्या रजेत ते बायकोकडं बघायचे म्हणजे जेवायला वाढताना, आणि तेव्हाही नजर ताटात.

बाहेर सोप्यात आप्पासोंच्या आई रंगूबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वय एक्याऐंशी, पण कान शाबूत. आतलं सगळं त्यांना ऐकू येत होतं, आणि आज पहिल्यांदाच त्या मध्ये पडल्या नव्हत्या.

रागाच्या भरात का होईना, शिक्षिकेला विषय समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. फाईल चाळता चाळता क्रांती म्हणाली, "ग्लायकोलिक ॲसिड आहे हे. आता यात काय एवढं जगावेगळं? उसातसुद्धा असतं थोडंफार."

आप्पासोंची मान वर आली. "कशात?"

"उसात. पण आप्पा..."

तो 'पण' ऐकायला आप्पासो जागेवर राहिलेच नाहीत. दोन एकर ऊस उभा असलेल्या माणसाला सांगलीत जाऊन उसातलंच औषध लावून घ्यायचं म्हणजे घरच्या विहिरीला पाणी असताना बाटली विकत घेण्यासारखं वाटलं. ते फडताळातून काकवीची बरणी घेऊन आले. गेल्याच आठवड्यात गुऱ्हाळावरून आणलेली, ताजी, तांबूस.

"बस हितं," ते बायकोला म्हणाले. "घरचं हाय. जळजळ न्हाई आन् संमती न्हाई."

"आप्पा, असं नसतं ते!"

"तिला हात लावायच्या आदी सवताच्या थोबाडाला लाव की रं," सोप्यातून रंगूबाई ओरडल्या.

हुकूम आईचा होता. हवालदारानं तो पाळला. दोन्ही गालांवर काकवी चोपडून आप्पासो सोप्यात खुर्ची टाकून बसले, हातात घड्याळ. डॉक्टर किती वेळ ठेवतात हे त्यांनी राणीला विचारून घेतलं. तीन-चार मिनिटं, ती म्हणाली. मग आपण वीस ठेवू, ते म्हणाले. पाचव्या मिनिटाला माश्या आल्या. आठव्या मिनिटाला एक मुंगळा कॉलरवरून चढताना क्रांतीनं बघितला आणि चहा तिच्या नाकात गेला. चिडायला म्हणून आलेली पोर खांबाला धरून हसत सुटली. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. राणीनं तेवढ्यात जैसलमेरला नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, आणि विश्वजितनं युनिफॉर्मवर उभ्याउभ्या बापाचं ते रूप बघितलं.

"आप्पा, धुवा ते आधी! आणि आईला जाऊ द्या. आमच्याकडे अख्खी कंपनी रोज सनस्क्रीन लावते, तिनं काय पाप केलंय?"

अशात दारात मोटारसायकल थांबली. ऊसतोड टोळीचा मुकादम तानाजी उतरला तो हात वर करूनच.

"हवालदार, तोड आली! उद्या सकाळी टोळी लावतो. पाच दिवसांत फड मोकळा."

पंधरा महिन्यांचा ऊस. तुरे येऊन वाळून गेले होते, तरी कारखान्याचं बोलावणं येत नव्हतं. दोन महिने आप्पासो शेतकी ऑफिसात खेटे घालत होते. ते काकवीच्या तोंडानंच उठले आणि त्यांनी तानाजीला मिठी मारली. तानाजीनं त्यांच्या गालाकडं बघितलं.

"ह्ये काय वो?"

"औषद हाय. तुला न्हाई कळायचं."

तानाजी शर्टावरची काकवी पुसत असतानाच त्याचा मोबाईल वाजला. पलीकडं ट्रॅक्टरवाला होता. तानाजी अंगणात फेऱ्या मारत मोठ्यानं बोलायला लागला. "आरं, कुठली शालूबाई काय इचारतोस? भावकीत दोन हायत ठावं हाय की. वाड्याकडची न्हवं. वांगाची शालू! व्हय, व्हय, वांगाच्या शालूचा फड. सकाळी सातला लाव गाडी."

फोन खिशात टाकून तो वळला. सोप्यात सगळ्यांचे हात थांबले होते. त्याला काही कळलं नाही. उसाच्या आनंदात असतील म्हणून तो हसला, "येतो वैनी" म्हणाला आणि निघून गेला.

त्याच्या दृष्टीनं त्यानं पत्ता सांगितला होता.

क्रांती आईकडं बघत राहिली. तिनं हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. गावातलं माणूस घरच्या लेकरासमोर असं बोलत नाही, आणि ती तर बारावीनंतर गावाबाहेरच होती.

"आई, तुला असं म्हणतात?"

"दोन शालू हायत, वळखायला कायतरी पायजे की लोकास्नी."

"कधीपासून?"

उत्तर दिलं ते रंगूबाईंनी. पावट्याच्या शेंगांचं सूप त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं.

"तू पोटात हुतीस तवापासनं. तुझ्या वक्ताला आलं तिला वांग. ह्यो फौजेत, मी घरात लेकरं धरायची, आन् ही फडात, उन्हात. मग ते गेलंच न्हाई. एकदा गिरनीत कुनी इचारलं, कुठल्या शालूचं पीठ? म्या म्हनलं, आमची ती वांगाची. तोंडातनं गेलं गं. सांजच्याला गावभर झालं." त्यांनी सुनेकडं बघितलं नाही. "ते नाव म्या ठेवलं. कवापासनं सांगीन म्हनत हुते."

"मला ठावं हुतं, आत्ती," शालूबाई म्हणाल्या.

"ठावं हुतं? आन् बोलली न्हाईस?"

"काय बोलू? तुमी माझी पोरं सांभाळत हुता. तुमच्यासंगं भांडून मी फडाला कशी गेले असते?"

चौतीस वर्षं झाली त्या डागाला, म्हणजे क्रांतीच्या वयाएवढीच. वर्गातल्या पोरींना सांगायची सगळी वाक्यं तिच्याजवळ तयार होती, पण आईला काय हवंय हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आईला गोरं व्हायचं नव्हतंच. तिला फक्त शालू व्हायचं होतं.

"आई, तू उद्या जायचंस," ती म्हणाली.

"आता कुठलं जायचं?" शालूबाई उठल्या. "तोड आली न्हवं? डाक्टरीणबाईनं सांगितलंय, पील केल्यावर आठ दिस उन्हात जायचं न्हाई. गेलं तर पयल्यापरीस काळं. आन् कारखाना माझ्या गालासाठनं थांबतोय व्हय? ऱ्हाऊ दे ते. पैलं ऊस."

"फडात मी हाय की," आप्पासो म्हणाले.

"तुमी? तुमी टोळीसंगं तंबाकू मळत बसता. आन् तिकडं बुडखं वीतभर ऱ्हात्यात. ऊस जमिनीलगत तुटला न्हाई तर वजन बी जातंय आन् फुडच्या सालाचा खोडवा बी फुटत न्हाई."

हे खरंच होतं. आप्पासोंचा टोळीवर काडीचा वचक नव्हता. नोकरीत दुसऱ्यांवर ओरडून घेतलं तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. तोड आली की बांधावर उभी राहायची ती शालूबाई, डोक्यावर पदर, हातात काठी. वरून कोयता चालला की काठी बुडख्यावर आपटायची. तोडकऱ्यांच्या बायकाही तिला वचकून असायच्या आणि दुपारी तिच्याच चटणीवर जेवायच्या.

"फडात मी बसनार," रंगूबाई म्हणाल्या.

"आत्ती, एक्याऐंशी वय..."

"जमिनीलगत तोडायला तुला शिकवलं कुनी? म्याच न्हवं? खुर्ची टाका बांधावर आन् छत्री द्या. माझ्यासमूर कोन बुडखा ठेवतंय बघतेच."

"मी आज्जीबरोबर थांबते," क्रांती म्हणाली. "शनिवारपर्यंत रजा टाकते. ट्रॉल्यांचा हिशोब मी बघते, आप्पा फक्त उसाच्या शेंड्यांचं वाढं जनावरांना टाकतील आणि कुणाशी गप्पा मारणार नाहीत."

आप्पासोंना यावर काही म्हणायचं होतं, पण गालावरची काकवी वाळली होती आणि तोंड उघडेना.

सोमवारी अकराला शालूबाई विश्रामबागच्या त्या गार खोलीत आडव्या झाल्या. केसांवर टोपी, डोळ्यांवर ओला कापूस. राणीनं हात धरला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण काहीही लपवून बोलत नव्हत्या.

"काकू, पुन्हा सांगते. एका वेळेत जात नाही. चार-पाच वेळा यावं लागेल. आणि पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. फिकं होईल."

"फिकं चालतंय," शालूबाई म्हणाल्या. "चौतीस वर्सांचं हाय, एवढ्या लवकर कसं जाईल?"

ब्रश गालावरून फिरला. आधी गार लागलं, मग मिरच्या कांडताना हात गालाला लागावा तसं झणझणलं. लहान पंखा तोंडावर धरला गेला.

"जळजळ किती आहे? दहापैकी सांगा."

"दोन बाळंतपनं झाल्यात बाई माझी. ह्याला अर्धा द्या."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, तरी त्यांची नजर घड्याळावरून हलली नाही. मिनिटं मोजून त्यांनी औषध पुसून काढलं. पंख्याखाली पडल्या पडल्या शालूबाईंच्या मनात आलं, आता फडात तिसरी ओळ चालू असेल, आणि मी इथं नुसती पडून आहे. त्यांना अपराधी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फार बरं वाटलं, इतकं की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं.

पुढचे दिवस त्या आतल्या खोलीत पडदे ओढून राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून दिवसाउजेडी त्या घरात अशा कधी बसल्याच नव्हत्या. राणी ताट वाढून आणायची. फडातल्या बातम्या फोनवर यायच्या. रंगूबाईंनी पहिल्याच दिवशी वीतभर राहिलेला बुडखा दाखवून एका तोडकऱ्याला परत वाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी टोळीनं त्यांचं नाव कॅप्टन ठेवलं. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "आज्जी, ही पावती कुठल्या शालूबाईंची?" आणि रंगूबाईंनी काठी आपटली. "लिव्ह. शालूबाई आप्पासो. नवऱ्याच्या नावानं लिव्ह, दुसऱ्या कशानं न्हाई." हे सांगताना क्रांतीचा आवाज फोनवर कापत होता आणि ती हसतही होती. शालूबाईंनी ते तिला तीनदा सांगायला लावलं.

चौथ्या दिवसापासून गालाचे पातळ पापुद्रे सुटायला लागले. ओढायचे नाहीत, राणीनं बजावलं होतं. शालूबाई हात पाठीमागं बांधून बसायच्या. शनिवारपर्यंत फड मोकळा झाला होता आणि गालही बराचसा. आरशात बघितलं तर वांग होतंच. पण कडा विरल्या होत्या, आणि उजवीकडं तर डाग कुठं संपतो ते पटकन सापडत नव्हतं.

संध्याकाळी आप्पासो रानातून आले. पाच दिवसांच्या उन्हानं त्यांचं नाक भाजून लाल झालं होतं आणि मानेची कातडी सुटायला लागली होती. त्यांना बघून शालूबाईंना हसू आलं.

"तुमचं फुकटात झालं की पील."

"आगं, कसं उभं ऱ्हात हुतीस गं तू?" ते खाली बसत म्हणाले. "इतकी वर्सं? मी पाच दिसांत मेलो." मग म्हणाले, "झालं का कमी? बघू."

"बघा."

त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला, परत लावला. तिची हनुवटी दोन बोटांनी धरून तोंड ट्यूबलाईटकडं वळवलं. नवरा-बायको असं कधी बसले नव्हते. शालूबाईंना कुठं बघावं कळेना, म्हणून त्या सरळ त्यांच्याकडंच बघत राहिल्या.

"हलकं झालंय. ह्या बाजूचं जास्त." ते वाकून बघत राहिले. मग भुवया वर गेल्या. "ह्यो तीळ कवा आला?"

"कुठला?"

"ह्यो. कानाच्या खाली. बारीक हाय."

"जलमापासनं हाय."

आप्पासो मागं सरकले. दोन मुलं, तीन नातवंडं, एवढा संसार झाला होता त्यांचा या बाईबरोबर. त्यांना एकदम लाज वाटली, आणि त्यांनी ती लपवली नाही.

"मला ठावं न्हवतं गं," ते म्हणाले. मग बाहेर तोंड करून ओरडले, "आये, हिच्या कानाखाली तीळ हाय, तुला ठावं हाय का?"

"सगळ्या गावाला ठावं हाय," सोप्यातून रंगूबाई म्हणाल्या. "तूच तेवढा राहिलास."

शालूबाई हसायला लागल्या. नवी कातडी ताणली जात होती, जरा चुरचुरतही होती, पण हसू थांबेना. त्या उठायला लागल्या तसं आप्पासोंनी त्यांचा हात धरून परत खाली बसवलं.

"हालू नगंस. दुसरी बाजू बघायची ऱ्हायलीय अजून."

सोप्यात चहाचे कप वाजले, क्रांतीनं साताऱ्याला निघायची वेळ झाली म्हणून हाक मारली. शालूबाईंनी "आले, आले" म्हटलं, आणि तोंड दिव्याकडं वळवून त्या तशाच बसून राहिल्या.